वरून टाकलेलं पाणी

परभणी
६ एप्रिल २०२५

सुलाआत्या,

जयभीम. तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की सगळी खोली कान टवकारते, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. वालूरच्या गाडीवरचा राम कंडक्टर तुझ्यापर्यंत पोचवतो म्हणालाय. अक्षराला नावं ठेवू नकोस, शिकवलंस तूच.

कोर्स सुरू झाला. नाव भारदस्त आहे, 'मानसिक आरोग्य सहाय्यक'. सहा महिने शिकायचं आणि त्याच केंद्रात कामही करायचं. पास झाले तर इथंच नोकरी. जिंतूर रोडला गावाबाहेर पत्र्याची लांबलचक इमारत आहे. दुपारी पत्रे तापले की लघवी, फिनाईल आणि खोबरेल तेल या तिन्हींचा मिळून असा वास सुटतो, की पहिल्या दिवशी मी पायरीवरच ओकले. एका काकूंनी तर गोळी गालात धरून ठेवली आणि तासाभरानं लाळेसकट माझ्या तळहातावर ठेवली. वर हसल्या. मला इतकी शिसारी आली की साबण संपेस्तोवर हात धुतले. बी.ए. झालेली मुलगी आणि हे काय करतेय, असंही मनात आलं. तुझ्यापासून काय लपवू?

पण शिकायला पुष्कळ आहे. गोळी दिली की जीभ वर करायला लावायची. पेशंटशी वाद घालायचा नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही. अंघोळ घालताना आधी पायावर पाणी, मग डोक्यावर. पाणी पाजायचीही इथली एक पद्धत आहे. ग्लास द्यायचा नाही, कारण फेकून मारतात आणि एकमेकांचं उष्टं तोंडाला लावतात. त्यांना ओळीनं बसवायचं, ओंजळ करायला सांगायची आणि प्लास्टिकच्या जगातून वरून धार धरायची. जग कुणाच्या हाताला लागता कामा नये. बघता बघता सगळी खोली उरकते. आमच्या माधवी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धम्मशीलाचा हात बघा, एक थेंब सांडत नाही." आमच्या बॅचमधली रेणुका तर निम्मं पाणी पेशंटच्या मांडीवर ओतते.

आणि इथं कोण भेटलं सांगू? आपल्या गावच्या कस्तुराबाई! किशनरावांची लेक, गावातच दिलेल्या. बाहेर नाव सांगायचं नसतं, पण तू काय बाहेरची आहेस? नवरा गेल्यापासून घरातून उठून चालू लागतात, सुनेच्या अंगावर धावतात. मुलगा आदिनाथ आणून सोडून गेला. मला अजून ओळखलं नाही त्यांनी.

तुझी,
धम्मशीला


वालूर
९ एप्रिल

धम्मे,

तू ओकलीस ते ठीकच झालं. पहिलीच्या पोरांचे शेंबूड पुसताना मलाही सुरुवातीला जेवण जात नव्हतं. नाक मरतं हळूहळू, माणूस मरू देऊ नये म्हणजे झालं.

पण तुझ्या पत्राचा दुसरा कागद वाचला आणि मला किळस आली ती तुझी. तू माझ्या भावाची लेक आहेस म्हणून गोड करून लिहिणार नाही.

तुला 'पद्धत' म्हणून जे शिकवलं ना, ते मी शाळेत प्याले आहे. आमच्या शाळेच्या ओट्यावर पाण्याचा रांजण होता. बाकीची पोरं तांब्या बुडवून प्यायची. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ओट्याखाली उकिडवं बसायचं, ओंजळ करायची आणि वरून कुणी टाकेल तेवढं प्यायचं. कुणी आलंच नाही तर तसंच वर्गात जायचं. पाणी कोपरावरून बाहीत शिरायचं. थंडीत बाही दुपारभर ओली राहायची आणि त्या ओल्या बाहीवरून सगळ्यांना कळायचं की ही वरून पिणारी. एक मुलगी होती वर्गात, तिच्याकडे हे काम दिलेलं. गुरुजी तिला शाबासकी द्यायचे, की हिचा तांब्या कधी शिवत नाही. ती मधेच धार मोठी करायची. आमच्या नाकात पाणी जायचं आणि ओट्यावरची पोरं खिदळायची.

लिंबाजीनं, तुझ्या बापानं, ठरवलं होतं की आपल्या पोरांना हे सांगायचं नाही, त्यांच्या मनात खोट नको. मी मान डोलावली. आता त्याचं काय झालं बघ. त्यांनी तुझ्या हातात जग दिला आणि तुला काही वाटलंच नाही. उलट तू शाबासकी घेतलीस आणि ती मला कळवलीस.

जेवण करत जा.

आत्या


परभणी
१२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. मला माहीत नसलेल्या गोष्टीची माझी किळस? माहीत नव्हतं तर तुम्ही सांगायचं होतं. आणि इथं जात कोण बघतंय? ओळीत सगळे बसतात, पाटील आणि देशमुखसुद्धा. सगळ्यांना वरूनच. मग ते तुझ्या शाळेसारखं कसं?

असं मनात घोळवत मी दुसऱ्या दिवशी जग घेऊन उभी राहिले, आणि हात चालेना. खाली बघितलं तर सगळी माणसं माना वर करून बसलेली. एका म्हाताऱ्याच्या बाहीतून पाणी गळत होतं. मी जग रेणुकाकडे दिला आणि मॅडमकडे गेले.

म्हटलं, "ग्लास नको तर कागदी कप द्या. चहाला देतोच की." त्या म्हणाल्या, "चहा दोन वेळचा असतो, पाणी दिवसभर. आणि अगं, त्यांना कुठं काय कळतंय?" अशा सहज म्हणाल्या, की मला त्यांच्या टेबलावरचा पेढाही खाववेना. पेढा पुढं केला होता, तोंड गोड कर म्हणून.

कळतंय, आत्या. एकीला तरी नक्की कळतंय. कस्तुराबाई आल्यापासून ओळीत बसत नाहीत. रेणुकानं जग पुढं केला की ओठ घट्ट मिटतात, हात पदरात घालतात आणि म्हणतात, "आमी वरून पीत न्हाई. आमच्यात न्हाई पीत." मॅडमनी त्यावर लिहून टाकलं, 'पाण्याची भीती'. दोन वेळचा चहा आणि पातळ वरण यावर बाई जगतायत. बाहेर ऊन मी म्हणतंय. ओठांना भेगा पडल्यात, जीभ पांढरी झालीय, लघवी लाल होतेय. असंच चाललं तर हात बांधून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. मी ती नळी घालताना एकदा बघितलीय. माणूस गुदमरल्यासारखा तडफडतो आणि आपण डोकं दाबून धरायचं असतं.

मी चोरून ग्लास दिला तर? मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, नियम मोडला तर सर्टिफिकेट विसरा. काय करू?

आणि मी एवढं त्यांचं लिहिलं, तर तू त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. ओळखत नाहीस का?

धम्मशीला


वालूर
१५ एप्रिल

धम्मे,

काल जयंती झाली. मिरवणुकीत तू नव्हतीस, सगळ्यांनी विचारलं. केंद्रात सुट्टी नाही म्हणून सांगितलं.

कस्तुराला मी ओळखते. ओट्यावरून पाणी टाकणारी ती मुलगी म्हणजे कस्तुरा.

आता खरं लिहिते. ती तहानेनं वाळतेय हे वाचलं आणि मला बरं वाटलं. पत्र उशाखाली ठेवलं, परत काढून तेवढाच भाग वाचला. एवढी वर्षं मास्तरकी केली, पोरांना करुणा शिकवली, विहारात पुढं बसते, आणि माझ्या आत हे असलं काहीतरी बसलेलं आहे. त्याची घाण वाटते, पण बरं वाटलं ते वाटलंच.

ती का पीत नाही ते तुझ्या मॅडमना कळणार नाही. भीती-बिती काही नाही. वरून टाकलेलं पाणी पिणारा माणूस कोण असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनंच तर टाकलंय. तिचं डोकं फिरलं असेल, पण एवढी एक गोष्ट तिच्या डोक्यात जागच्या जागी आहे. घर विसरली, सून विसरली, हे नाही विसरली.

तू विचारलंस काय करू. काही करू नकोस. राहू दे तिला तहानलेली. तिच्यापायी तू नोकरीवर पाणी सोडायचं काही कारण नाही. नळी घालायची तर डॉक्टर घालतील, ते त्यांचं काम. तू कोर्स पुरा कर.

आत्या


परभणी
१९ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काल दुपारी मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी माझा स्टीलचा ग्लास घेतला, माठातलं गार पाणी भरलं आणि कस्तुराबाईंच्या हातात दिला. त्या ग्लासकडे बघतच राहिल्या. मग दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. घटाघटा. मी पुन्हा भरला, तोही प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. डोळे एकदम निवळले होते. म्हणाल्या, "लय पुण्य लागंल तुला. कुणाची गं तू?"

मला काय आनंद झाला होता! म्हटलं, "वालूरचीच आहे मी. लिंबाजींची मुलगी. सुलाबाई मास्तरीण माझी आत्या."

त्यांनी ग्लास खाली ठेवला, लांब सरकवला. मग दोन बोटं घशात घातली.

सगळं पाणी बाहेर काढलं, आत्या. माझ्या कुर्त्यावर, ओढणीवर, पायांवर. पाणी संपलं तरी घशात बोटं घालून ओकतच होत्या, नुसतं पिवळं पडत होतं. मधेच आपल्या जातीचं ते जुनं नाव घेऊन म्हणाल्या, "बाटवलं मला." मी तिथंच उभी होते. मग फडकं आणून ती ओकारी मीच पुसली, कारण फरशी पुसायची पाळी माझी होती.

मॅडम आल्या. रेणुकानं सगळं सांगितलं. मला वाटलं, मॅडम त्यांना काही बोलतील. मॅडमनी आदिनाथला फोन लावला, माझ्यासमोर माफी मागितली आणि मला म्हणाल्या, "पेशंटची भावना जपणं हा ट्रेनिंगचाच भाग आहे. यापुढं त्यांच्या पाण्याला तू हात लावायचा नाहीस." आज सकाळी त्यांच्या घरून पितळी पेला आणि नवा माठ आला. परवापर्यंत ग्लास म्हणजे फेकून मारायची वस्तू होती. आज पेला चालतो. रेणुका तो पेला घेऊन जाते.

पण आता त्या तोही घेत नाहीत. "भरलं कुणी? तिनं भरलं असंल," एवढंच म्हणतात. चहाही बंद केला, वरणही. सलाईन लावलं तर अर्ध्यावर ओढून काढलं, रक्त उडालं. सोमवारपर्यंत तोंडानं पाणी गेलं नाही तर नळी.

मला त्या बाईची किळस येते. मॅडमची येते, पितळी पेल्याची येते. कुर्ता धुतला, वाळवला, अजून अंगात घालवत नाही. मॅडमनी माझ्याकडून माफीनामा मागितलाय, नाहीतर केंद्र सोडायचं. आणि सोमवारी सकाळी त्यांना अंघोळ घालायची पाळी माझी आहे. ती मात्र मॅडमनी बदलली नाही. घाण काढायला माझा हात चालतो.

तू म्हणालीस राहू दे तहानलेली. तुझं खरं होतं का गं?

धम्मशीला


वालूर
२० एप्रिल

धम्मे,

राम गाडी घेऊन उभा आहे, म्हणून थोडक्यात.

माझं १५ तारखेचं पत्र फाडून टाक. कस्तुराची दया आली म्हणून नाही. दया येत नाही, ओढूनताणून आणायचीही नाही. पण तिच्या ओकाऱ्या वाचताना मी मनात म्हणत होते, मर एकदाची. आणि लक्षात आलं की उद्या ती खरंच गेली, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार? पोरांना शिकवलेलं सगळं खोटं ठरेल. तहानेनं मरू देणं हे त्यांचं काम होतं. आपलं नाही.

माफीनामा लिहू नकोस. पाणी दिलं म्हणून माफी मागायची नसते. नोकरी गेली तर जाऊ दे, घरी ये, भाकरी आहे.

पण सोमवारची अंघोळ तू घाल. टाळू नकोस आणि तिच्यावर राग काढू नकोस. हे सांगताना माझा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

आत्या


परभणी
२२ एप्रिल

आत्या,

काल अंघोळ घातली. सगळं नीट सांगते.

त्यांना खुर्चीवर बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं, काखेत हात घालून उचलावं लागलं. लुगडं सोडलं, पाठ चोळली, केसांतल्या जटा सोडवल्या, घाण झालेले पाय धुतले. एकदाही माझा हात झटकला नाही. लहान मुलासारख्या बसून होत्या. मी मनात म्हटलं, बघा, सगळ्या अंगाला माझा हात चालतोय.

मग डोक्यावर पाणी घातलं. पहिला मग ओतला आणि बघते तर मान मागं, तोंड उघडं. कपाळावरून येणारं पाणी त्या पीत होत्या. डोळे गच्च मिटलेले. मी थांबले तर म्हणाल्या, "टाक की." पुन्हा ओतलं. पुन्हा तोंड उघडलं. वरून टाकलेलं, माझ्या हातचं, अंघोळीचं पाणी घशात उतरत होतं आणि घशाचा आवाज मला ऐकू येत होता.

मला ते बघवेना. तोच मग भरला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "असं नका पिऊ. हे धरा, बसून प्या." त्यांनी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. प्यायल्या. तीन मग प्यायल्या, आणि या वेळी बोटं घशात घातली नाहीत. नंतर माझं मनगट धरलं. "कुनाला सांगू नगस. आदिनाथाला तर न्हाईच."

मी म्हटलं, "सांगितलं नाही तर आज नाकात नळी घालतील."

"घालू दे," म्हणाल्या.

मला वाटलं, वेडाच्या भरात बोलतायत. त्यांना पुसलं, लुगडं नेसवलं आणि बाहेर आणलं. बाहेर आदिनाथ सही करायला आला होता, डॉक्टर हातमोजे घालत होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "नळीची गरज नाही. यांनी आत्ता पाणी प्यायलं. मी दिलं, माझ्या हातून."

आदिनाथचा चेहरा उतरला. आईजवळ जाऊन म्हणाला, "आई, खरंय का हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ अजून ओले होते. म्हणाल्या, "खोटं बोलतीया. मी न्हाई पिले."

डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी आदिनाथकडे. त्यानं सही केली. त्याला ते सोपं गेलं, आत्या. आईनं माझ्या हातचं पाणी प्यायलं हे मानण्यापेक्षा तिच्या नाकात नळी बरी वाटली त्याला. मला किळस आली ती त्याची. या खेपेला वास नव्हता कसला. आदिनाथनं तर अत्तर लावलं होतं.

हात बांधले. मी डोकं धरलं. दुसऱ्या कुणी धरलं असतं तर दाबलं असतं, म्हणून मीच पुढं झाले. त्या तडफडल्या, डोळ्यांतून पाणी आलं, नजर माझ्यावरून हलेना. नळी गेली. डॉक्टर म्हणाले, "पाणी आणा." टेबलावर बादली होती, सकाळी मीच भरून ठेवलेली. त्यातून त्यांनी पिचकारी भरली आणि नळीत सोडली. एकदा, दोनदा, पुष्कळदा. पाणी कुणी भरलं, असं आदिनाथनं विचारलं नाही. मॅडमनी विचारलं नाही. कस्तुराबाईंना माहीत होतं, अंघोळीला जाताना मला ती भरताना त्यांनी बघितलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

माफीनामा मी दिला नाही. मॅडमनी केंद्र सोडायला सांगितलं, महिनाअखेरीस. नळीवरच्या पेशंटजवळ बसायला दुसरं कुणी तयार नाही, म्हणून तोवर ठेवलंय. सर्टिफिकेट मिळणार नाही. नांदेडला सरकारी कोर्स आहे म्हणतात, चौकशी करते. हे काम मला सोडायचं नाही. असल्या लोकांच्या हाती ही माणसं ठेवून घरी येऊन भाकरी खाववणार नाही मला.

नळी घशात असली तरी माणसाला तोंडानं पिता येतं. कुणासमोर पाणी प्यायल्या की नळी लगेच काढू, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून आज मी ग्लास भरून ओळीसमोर, सगळ्यांच्या देखत, त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तोंड फिरवलं. पण तहान लागली होती, आत्या. मला दिसत होतं.

उद्या पुन्हा धरणार आहे.

तुझी,
धम्मशीला